मायची नाडी

आमच्या घरात दोन बायका होत्या. एक कायम थंडीनं काकडायची आणि दुसरी कायम उकाड्यानं तळमळायची. वैशाखात बदनापूरच्या माळावरचे दगड हात लावू देत नसत, तेव्हाही माझी सुंदरआत्या घोंगडी पांघरून चुलीजवळ बसलेली असायची. आणि पौषात मेंढरं एकमेकांच्या पोटात डोकं खुपसून उभी राहत, तेव्हा माझी माय रांजणातल्या गार पाण्यात चोळी बुडवून तीच अंगात घालून फिरायची. आम्ही धनगर. माझ्या बापाची, बापूची, शंभरावर मेंढरं होती, थोडी कोरडवाहू जमीन होती, पडवीत घोंगड्या विणायचा माग होता. आत्या ही बापूची थोरली बहीण. तिला वाटूरला दिलेली होती. पहिलं मूल जन्मतःच गेलं, पुढं काही राहिलं नाही, नवऱ्यानं दुसरी केली आणि बापू तिला बैलगाडीतून घेऊन आला, ती कायमची. तिचं अंग सुजल्यासारखं, चेहरा पिवळट, भुवया विरळ, आवाज जाड. तिनं बोलायला तोंड उघडल्यापासून पहिला शब्द बाहेर येईपर्यंत एखादी घागर भरून व्हायची. गावात तिला आळशी म्हणत. पण घर तिच्या शब्दानं चालायचं, कारण बापू तिच्यापुढं मान वर करत नसे.

माय आधी तशी नव्हती. मला आठवते ती माय शांत बाई होती. दुपारी पडवीत बसून ती टकळीवर लोकर कातायची, आणि तिचं सूत इतकं सारखं निघायचं की मागावर बसलेला बापू न बघता हात पुढं करायचा. मग कधीतरी ते सूत तुटायला लागलं. आधी दिवसातून एकदा, मग बसल्या बैठकीला दहा वेळा. माय टकळी आपटायची, उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची, परत बसायची. तिचे हात थरथरत होते. भाकरी थापताना परातीत कडेला जाईपर्यंत ती फाटायची. ती फाटकी भाकरी तव्यावर टाकून माय रडायची आणि रडता रडताच माझ्यावर ओरडायची, की पीठ जाड दळलं. जेवायला बसली की चार माणसांचं जेवायची. बाजरीच्या पाच-पाच भाकरी, वर लसणाची चटणी, अंबाडीची भाजी, शेवटी कालवणाचं मडकं निपटून घ्यायची, आणि तरी तिच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडं सरकत चालल्या होत्या. आत्या बघत असायची. एक दिवस ती म्हणाली, "हिच्या पोटात हिच्यासंगं आनखी कोनीतरी जेवून राह्यलंय."

माय चालायची कशी, ते मला अजून अंगात जाणवतं. मी बारा-तेरा वर्षांची होते, पायांनी चपळ होते, तरी नदीवर जाताना मला तिच्या मागं पळावं लागायचं. ती कपडे धुवायला बसली की अर्ध्यात उठायची, काहीतरी विसरलं म्हणून घरी यायची, घरी आल्यावर काय विसरलं ते विसरायची. तिच्या उठबशीचा सगळ्या घराला संसर्ग झाला. बापूचा माग मध्येच थांबायचा. कुत्री उगाच उठून भुंकायची. मी जेवताना एक पाय उभा करून बसायला शिकले, हाक आली की लगेच पळता यावं म्हणून. आता मी जालन्यात लेकाकडं राहते. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्ट्यांची घरघर आमच्या खिडकीपर्यंत येते आणि सून विचारते, आई, तुम्हाला एवढ्या आवाजात झोप कशी लागते. मी तिला काय सांगणार? ज्या घरात मी मोठी झाले तिथं आवाज असा नव्हता, पण घर घडीभर टेकत नव्हतं.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं की माय गरोदर आहे. चार महिने ती बाहेर बसली नव्हती. माझ्या मागची दोन भावंडं जगली नव्हती, त्यामुळं बापूच्या चेहऱ्यावर थोडा उजेड आला. आत्यानं गावातल्या सुईणीला, अमीनाबीला बोलावलं. अमीनाबी म्हातारी, कानात चांदीच्या बाळ्या, आमच्या अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली. तरुणपणी ती जालन्याच्या बायकांच्या दवाखान्यात झाडलोटीला होती आणि तिथंच हे काम शिकली होती. तिनं मायला आडवं केलं, पोट चाचपलं, आणि मग पोटावरचा हात उचलून तिच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली. मायचे डोळे तेव्हा मोठे दिसायला लागले होते. बुबुळाच्या वरचा पांढरा भाग दिसायचा, त्यामुळं ती साधं बघत असली तरी दचकल्यासारखी वाटायची.

"पेट से नहीं है," अमीनाबी म्हणाली. "बच्चा बिलकुल नहीं. ये पेट का मर्ज नहीं सुंदरा, हलक का है. गला देख इसका. जालने कू ले जाव, डॉक्टरनी कने."

"गळ्याला काय झालं? गिळती तर चांगली," आत्या म्हणाली.

अमीनाबीनं जास्त काही सांगितलं नाही. पण मूल नाही म्हटल्यावर घरातलं वारं फिरलं. आत्यानं ठरवलं की हे बाहेरचं आहे. नदीपलीकडच्या एका देवरुश्याकडं मायला तीन अमावास्या नेलं. तो तिला कडुनिंबाच्या डहाळीनं झोडायचा आणि विचारायचा, तू कोण आहेस. माय धापा टाकत म्हणायची, मी भागा हाये, मेंढरावाल्याची बायको हाये. तो म्हणायचा, खोटं बोलून राह्यली. तिसऱ्या अमावास्येला परत येताना तिच्या पाठीवरचे वळ मी मोजले. त्याच सुमाराला आत्यानं बापूला हळू आवाजात सुचवलं की एक पोरगी बघून ठेवायला काय हरकत आहे. बापू हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. पडवीतून मी ते ऐकलं. नाही न म्हणण्याबद्दल मी बापूला पुढं पुष्कळ वर्षं मनातून माफ केलं नव्हतं. आज वाटतं, तोही घाबरला होता आणि त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

जालन्याला जायचं ठरलं ते मायमुळंच. एका सकाळी ती मेंढरांना पाणी पाजताना खाली बसली ती उठेना. चोळीवरून तिच्या छातीची धडधड मला लांबून दिसत होती. ती बापूला म्हणाली, "मला त्या देवरुश्याकडं पुन्यांदा नेलं तर मी हिरीत उडी टाकीन. अमीनाबी म्हन्ती तिकडं न्या." बापूनं त्याच दिवशी गाडी जुंपली. बाईमाणसाबरोबर बाई हवी म्हणून आत्या निघाली, आणि मायनं माझा हात सोडला नाही म्हणून मीही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नगरकडच्या होत्या. उंच, पांढऱ्या लुगड्यातल्या, बोलायला मऊ. त्यांनी मायला बाकावर बसवलं आणि घाई न करता एकेक विचारत गेल्या. भूक किती लागते. उकडतं का. पाळी कधीपासून नाही. रडू येतं का. चारचौघींत पाळीबद्दल असं सरळ विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला इतकी लाज वाटली की मी भिंतीकडं तोंड केलं. पण पुढं जे त्यांनी केलं ते मी डोळे फाडून बघितलं. त्यांनी मायला दोन्ही हात पुढं करून बोटं पसरायला लावली आणि त्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद वारा लागल्यासारखा थरथरायला लागला. खोलीत वारा नव्हता. मग पाण्याचा पेला तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "एक घोट घ्या, मान थोडी वर करून." माय गिळायला लागली तशी तिच्या गळ्यात पुढच्या बाजूला एक मऊ फुगवटा वर सरकला आणि खाली आला. इतके महिने मी तिच्या समोर बसून जेवत होते आणि तो मला दिसला नव्हता.

"भुताचं काही नाही यात," डॉक्टरीणबाई आत्याकडं बघत म्हणाल्या. मायच्या पाठीवरचे वळ त्यांनी बघितले होते. "गळ्यात इथं एक ग्रंथी असते प्रत्येकाच्या. तिचा रस रक्तात उतरतो. अंगातला जाळ किती ठेवायचा हे त्या रसावर ठरतं. हिची ग्रंथी जाळ घालतच सुटली आहे. म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही, हात थरथरतात, मन ठिकाणावर राहत नाही, पाळी जाते."

 आत्या तिच्या जाड आवाजात म्हणाली, "पाळी बी त्यानंच जाती?"

"त्यानंही जाते. रस जास्त झाला तरी बिघडते, कमी पडला तरी बिघडते." असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला नीट बघितलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत्या घोंगडीत होती. "तुम्हाला थंडी फार वाजते का?"

"मी बीमार न्हाई. हिला बघा तुमी," आत्या म्हणाली आणि घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

डॉक्टरीणबाईंची जवळजवळ खात्री झाली होती, पण त्यांना एक गोष्ट हवी होती. भीतीनंही नाडी पळते, माणूस झोपलं की ती उतरते. या दुखण्यात झोपेतही उतरत नाही. तेव्हा झोपेतली नाडी कुणीतरी मोजायला हवी. त्यांनी विचारलं, घरात कुणाला मोजता येतं? बापू दाराबाहेरून म्हणाला, "ही सगू मोजती की. रोज संध्याकाळी मेंढरं हीच मोजून घेती." मला शाळा माहीत नव्हती, पण मेंढरं मोजता यायची, आणि ती इसांनी मोजायची असतात. वीस झाली की एक इसा, मग पुन्हा एकपासून. डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी मला एक लहानसं वाळूचं घड्याळ दिलं, मिनिटभराचं, बोटाएवढं, लाकडी चौकटीतलं. वाळू एकदा सरली की उलटायची आणि परत सरेपर्यंत मोजायचं. मनगटावर अंगठ्याच्या खाली बोटं कशी ठेवायची ते त्यांनी माझा हात धरून दाखवलं. मायच्या मनगटात ते पहिल्यांदा माझ्या बोटांना लागलं तेव्हा मी हात मागं घेतला. कातरायला धरलेल्या कोकराच्या छातीत असतं तसं ते होतं.

घरी येऊन तीन दिवस मी पहाटे उठून मोजलं, कारण मायला झोप लागायची ती तेव्हाच. विसरू नये म्हणून लोकरीच्या दोऱ्याला दर इसाला एक गाठ मारायची आणि वरचे आकडे तोंडपाठ ठेवायचे. सहा इसा नऊ. सहा इसा बारा, म्हणजे एकशे बत्तीस. सहा इसा नऊ. शांत झोपलेली माय, तोंड किंचित उघडं, आणि आत हे चाललेलं. आमच्या घरातल्या कुणाचीच नाडी अशी नव्हती. मी सगळ्यांच्या मोजल्या होत्या. आत्याची मोजताना मात्र मी घाबरले होते. ती दुपारी भिंतीला टेकून झोपली होती आणि तिच्या मनगटात दोन ठोक्यांच्या मध्ये इतका वेळ जायचा की मला वाटायचं, आता पुढचा येतच नाही. दोन इसा आणि बारा. ते मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, माझंच मोजायचं चुकलं.

चौथ्या दिवशी आम्ही परत जालन्याला गेलो. माझे दोरे बघून डॉक्टरीणबाईंनी मायला काळपट तपकिरी रंगाचं औषध दिलं. दिवसातून तीनदा, दहा थेंब, दुधात. आणि बापूला समोर बसवून नीट सांगितलं की हे थेंब म्हणजे इलाज नाही. थेंबांनी ती दहा-बारा दिवसांत शांत होईल, आणि शांत झाली की लगेच हैदराबादेला, तेव्हाच्या आमच्या राजधानीला, मोठ्या दवाखान्यात न्यायचं. तिथं गळ्यातली ती ग्रंथी थोडी ठेवून बाकीची कापून काढतील. चिठ्ठी मी देते. "पण लक्षात ठेवा, हा आराम थोड्या दिवसांचा असतो. तो सरायच्या आत गेलं पाहिजे. तो सरला की नाडी परत चढते, आणि तेव्हा कापता येत नाही." मला वेगळं जवळ घेऊन म्हणाल्या, "मोजणं सोडू नकोस."

थेंबांनी जे झालं ते बघितल्याशिवाय खरं वाटणार नाही. मेंढीच्या दुधात ते पडले की दुधाला लोखंडासारखा वास यायचा आणि माय नाक दाबून प्यायची. पाचव्या दिवशी तिनं दुपारी झोप घेतली. आठव्या दिवशी अख्खी भाकरी थापली, गोल, न फाटता, आणि ती तव्यावर फुगेपर्यंत तिथंच बसून राहिली. दहाव्या दिवशी पडवीतून टकळीचा आवाज आला आणि बापू मागावरून उठून नुसता तिच्या समोर जाऊन बसला. त्या दिवशी पहाटे मी मोजलं होतं, चार इसा चार. माय मला म्हणाली, "सगू, माझ्या डोक्यातला बाजार उठला गं." आम्ही हुलग्याचं माडगं केलं आणि तिघं पोटभर प्यालो. आत्या तिच्या कोपऱ्यातून आमच्याकडं बघत होती.

आणि मग कोणी हैदराबादचं नाव काढेना. मेंढरांची कातरणी तोंडावर आली होती. बापू म्हणाला, कातरणी झाली की जाऊ. दोन दिवसांनी म्हणाला, बरी झाली आता, कशाला गळा कापून घ्यायचा. शेजारच्या बायका म्हणाल्या, गळा कापलेलं मेंढरू कधी उठलेलं बघितलंय का. मायला ते ऐकून हसू आलं, पण तिचा हात आपोआप गळ्याकडं गेला. तिलाही जायचं नव्हतं. इतक्या महिन्यांनी तिला झोप लागत होती. मी मोजत राहिले. चार इसा चार. चार इसा चार. चार इसा सहा. मग एका पहाटे चार इसा बारा. मी वाळू पुन्हा उलटली, पुन्हा मोजलं. तेवढेच. दुसऱ्या पहाटे पाच इसा. मी दोऱ्याला पाचवी गाठ मारली आणि तशीच बाहेर आले.

बापू कातऱ्यांना धार लावत बसला होता. मी दोरा त्याच्यापुढं धरला. म्हटलं, "बापू, चढून राह्यली. पाच इसा झाली."

"भिली असंल काही सपनात."

"कालबी चढली व्हती. बाईनं सांगितलं व्हतं, चढली की कापता येत न्हाई."

"चार दिसांनी कातरणी उरकती, मंग बघू." तो माझ्याकडं बघत नव्हता. "बरी तर दिसती. तुला काय कळतं गं पोरी."

माय दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तेव्हा कोपऱ्यातून आत्या उठली. तिला उठायला वेळ लागायचा. आधी एक हात भिंतीला, मग गुडघा, मग श्वास. आम्ही तिघं तिच्याकडं बघत राहिलो. मला वाटलं, ही आता मलाच झापणार.

"मला बी असंच म्हन्ले व्हते," ती म्हणाली. एकेक शब्द जड, सावकाश. "मूल गेलं, मंग अंग सुजलं, झोप उतरंना. पाळी गेली. सासू म्हन्ली, आळशी हाये. नवरा म्हन्ला, बघू, हुईल बरी. सुगी झाल्यावर बघू. पेरणी झाल्यावर बघू. वरीस गेलं, दोन गेले. कोनी कुठं न्हेलं न्हाई. मंग दुसरी आनली." तिनं दम घेतला. "हिला त्या देवरुश्याकडं मीच न्हेलं. चुकलं माझं. तू आजच्या गाडीनं हिला घेऊन जा. कातरणी मी बघते."

"आक्का, तुला कातरणी झेपती का?"

"न्हाई झेपत. तरी बघते. तू जा."

बापूनं कातऱ्या खाली ठेवल्या. मी आत्याला माझ्या उभ्या आयुष्यात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. माय तिच्या पाया पडायला वाकली, तर आत्यानं तिला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाली, "जल्दी कर. लुगडी बांध."

त्या संध्याकाळी दोघं बदनापूरच्या स्टेशनवरून गेली. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगणं अवघड आहे. मायचा सगळा अस्वस्थपणा तिनं जाताना माझ्याकडं ठेवून दिल्यासारखा झाला. हैदराबादेकडून गाडी यायची वेळ झाली की मी हातातलं टाकून स्टेशनकडं पळायची. आत्या कातरणीच्या ठिकाणी बाजेवर घोंगडी पांघरून बसून माणसांना कामं सांगायची, मध्येच तिचा डोळा लागायचा, आणि माणसं तिला उठवायला लाजून तशीच काम करत राहायची. कातरणी झाली. लोकरीचे ढीग लागले. बाराव्या दिवशी गाडीतून बापू उतरला. एकटा. मी फलाटावर जिथं होते तिथंच बसले. त्यानं लांबून हात हलवला आणि ओरडून सांगितलं, "जिती हाये. जिती हाये गं सगू."

मायनं त्या कापण्याची गोष्ट मला पुढं अनेकदा सांगितली. तिला झोपवलं नव्हतं. गळ्याला सुया टोचून बधिर केलं होतं आणि डोळ्यांवर फडकं टाकलं होतं. कापणारा डॉक्टर सारखा म्हणायचा, बोलते रहो बाई, चुप नक्को बैठो. आवाजाची नस त्या ग्रंथीला लागूनच असते, तेव्हा ती बोलत राहिली तर तिला धक्का लागतोय का ते त्याला कळणार होतं. पण काय बोलायचं? मायला काही सुचेना. मग तिनं आमच्या मेंढ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. काळी, बांडी, लंगडी, मोरी, सोमवारी जन्मलेली, ओढ्यात सापडलेली. अर्ध्यावर तिचा आवाज एकदम घोगरा झाला आणि तिला स्वतःलाच तो ओळखू आला नाही. डॉक्टर थांबला, परत सावकाश कापायला लागला. माय म्हणाली, मी थांबले नाही, सगळी मेंढरं पुरी केली. तो घोगरेपणा पुढं थोडा गेला, थोडा राहिला. महिन्याभरानं बापूनं तिला दवाखान्यातून घरी आणली तेव्हा गळ्यावर लालसर रेघ होती, हात स्थिर होते, आणि तिच्या तोंडून दुसऱ्याच बाईचा आवाज येत होता. मला त्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागला. तिला पाळी परत आली तेव्हा तिनं ते पहिलं आत्याला सांगितलं. दुसऱ्या बायकोची गोष्ट आमच्या घरात पुन्हा निघाली नाही.

आत्या जालन्याला जायला तयार झाली ती दिवाळी झाल्यावर, तेही मायनं दोन महिने तिच्या मागं लागून. बापू आणि मी बरोबर होतो. त्या दिवसाबद्दल मी नातीला सांगितलंय. तिलाही हेच निघालं आहे, आत्याचंच रक्त. तिच्या दंडातून एकदा रक्त काढलं, दुसऱ्या दिवशी फोनवर आकडे आले, आणि आता रोज सकाळी ती उपाशीपोटी मोहरीएवढी गोळी घेते आणि कंटाळा करते. मी तिला रागावत नाही. तिला कंटाळा करता येतो हे मला बरं वाटतं. आत्याचं पुढं सगळं हळूहळू सुधारत गेलं. सहा महिन्यांत सूज उतरली, तिला घाम यायला लागला, ती भांडायलाही लागली, आणि आणखी वीस वर्षं जगली. पण मला आठवतो तो जालन्याचा दिवसच.

डॉक्टरीणबाईंनी तिला पुष्कळ विचारलं. मूल गेलं तेव्हा काय झालं, दूध आलं होतं का, अंग कधी सुजलं, पाळी कधी बिघडली, कधी गेली. आत्या सावकाश उत्तरं देत गेली. मी धीर करून सांगितलं की एकदा मी हिची नाडी मोजली होती, दोन इसा बारा. डॉक्टरीणबाईंनी स्वतः मोजली आणि मान हलवली. म्हणाल्या, "तुमच्या भावजयीच्या गळ्यात जो रस जास्त झाला होता, तोच तुमच्या गळ्यात कमी पडतो आहे. बाळंतपणानंतर होतं असं. तुम्ही आळशी नव्हता." त्यांनी कपाटातून गोळ्यांची बाटली काढली. आधी अगदी थोडी, अर्धी गोळी, मग वाढवत न्यायची. मेंढराच्या सुकवलेल्या ग्रंथीपासून त्या करतात म्हणून सांगितलं.

"मेंढराच्या?" बापू म्हणाला. "आमच्या घरात शंभर मेंढरं, आन् गोळी विलायतेहून आनायची?" आम्ही सगळे हसलो. डॉक्टरीणबाईसुद्धा. आत्या हसली नाही. ती बाटलीकडं बघत होती.

"मूल हुईल का आता?" तिनं विचारलं.

"नाही. ते वय गेलं."

"ही गोळी नवी निघाली का?"

 त्यांना खोटं बोलता आलं असतं. "नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या लग्नाच्या आधीपासून आहे."

 बाहेर बापूच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. आत्यानं तळहातावर ठेवलेली अर्धी गोळी उचलली, जिभेवर ठेवली, आणि पाण्यासाठी माझ्याकडं हात पुढं केला.